घडी कापू नये

कुणाशीही बोलताना कुंदामावशींची नजर आधी त्याच्या कपड्यांवरच्या दोऱ्यांकडे जायची. बाहीला चिकटलेला धागा, बटणाखालून लोंबणारं टोक. बोलणं न थांबवता त्या तो दोन बोटांनी उचलायच्या, तर्जनीभोवती गुंडाळायच्या आणि त्याची बारीक गोळी करून मशीनच्या खणात टाकायच्या. पाणी का आलं नाही म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना झापत होत्या, तेव्हाही मध्येच त्यांच्या खिशावरचा लाल धागा त्यांनी उचलला. सेक्रेटरी पुढे काय बोलायचं ते विसरले. "पाणी सोडा आधी," मावशी दोरा गुंडाळत म्हणाल्या, "मग बोला."

मरोळला आमच्या बिल्डिंगमध्ये त्या तळमजल्यावर राहायच्या, आम्ही तिसऱ्या. त्यांचे यजमान मी लहान असतानाच गेले होते. मुलगा राजूदादा लग्न करून कांजूरमार्गला राहायला गेला होता. मावशींनी बरीच वर्षं इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका एक्स्पोर्ट कंपनीत सॅम्पल टेलर म्हणून काम केलं होतं. म्हणजे परदेशातून डिझाइन आलं की त्याचा पहिला नमुना त्या शिवायच्या आणि मग हॉलभर मशीनवर तसेच हजार निघायचे. "पहिला माझा," त्या सांगायच्या, "मागचे सगळे त्याची झेरॉक्स." कंपनी बंद झाल्यावर त्या घरी ब्लाउज, ड्रेस शिवायला लागल्या.

मी त्यांच्याकडे गेले ती एका टेलरमुळे. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा वर आहे. ओढणी नीट घेतली तर कळत नाही. कॉलेज सुरू होताना आई मला स्टेशनजवळच्या दुकानात माप द्यायला घेऊन गेली. तिथला टेलर टेप लावून एकेक आकडा मोठ्याने ओरडायचा आणि काउंटरवरचा माणूस लिहून घ्यायचा. खांद्याशी आल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "मॅडम का खांदा वाकडा है, लिख ले." दुकानात तीन-चार बायका होत्या. त्यांनी वर पाहिलं. त्यानंतर मी नवीन कपडे शिवायलाच नको म्हणायला लागले. आईने कारण विचारलं नाही. तिला ते माहीत होतं. एका रविवारी ती मला तळमजल्यावर घेऊन गेली.

कुंदामावशींकडे टेप होता, पण गिऱ्हाइकाच्या अंगाला तो त्या लावायच्या नाहीत. पांढरा जाड दोरा घ्यायच्या, छातीभोवती, कमरेभोवती फिरवायच्या आणि जिथे माप संपेल तिथे गाठ मारायच्या. प्रत्येकीचा दोरा वेगळा, वेगळ्या पुडीत. आकडा कुणाला ऐकू येत नसे, त्या बाईलाही नाही.

"माप बोलायचं नसतं," आईने विचारल्यावर त्या म्हणाल्या. "बाईचं वय नि बाईची कंबर. कपडा बोलतो ना, मग आपण कशाला बोला?"

माझ्या खांद्यावरून त्यांनी दोन्ही हात फिरवले. त्यांची बोटं उजवीकडे किंचित थांबली हे मला कळलं. मी पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहिले. त्या म्हणाल्या, "काय गो चेडवा, मान खाली घालून काय शोधतंस? सुई पडली?"

तो ड्रेस मी कित्येक महिने वापरला. एकदा इस्त्री करताना तो उलटा केला तेव्हा दिसलं, की डाव्या खांद्याच्या आत कापडाची एक पातळ जादा पट्टी बसवली होती. बाहेरून काही कळत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी खाली जाऊन म्हटलं, "मावशी, मला शिवायला शिकवाल?"

त्यांनी मशीनला हात लावू दिला नाही. आधी पलंगाखालून एक पुठ्ठ्याचा खोका ओढला.

खोक्यात कागद होते. कांद्याच्या सालीसारखे पातळ, तपकिरी पडलेले, घड्या घातलेले. बाहीच्या, गळ्याच्या, पाठीच्या आकाराचे. त्यांच्यावर एक अक्षर छापलेलं नव्हतं. रेघ नाही, आकडा नाही, नाव नाही. नुसती भोकं. काही बारीक, काही मोठी. कडेला त्रिकोणी खाचा. मला वाटलं, कसर लागली आहे.

"कसर पाकिटांना लागली," मावशी म्हणाल्या. "पाकिटावर चित्रं होती, मडमा होत्या. त्या गेल्या खाऊन. कागद राहिले. कागदाला काय बोलायचं ते भोकात आहे. वाच."

कापडावर ठेवून कडेने कापायचे हे नमुने त्यांना मिसने दिले होते. मिस म्हणजे मरोळच्या गावठाणात शिवणाचा क्लास घेणाऱ्या एक म्हाताऱ्या ईस्ट इंडियन बाई, इथल्याच मूळच्या ख्रिस्ती. मावशी लग्न होऊन मुंबईला आल्या तेव्हा त्यांना मराठीही धड येत नव्हतं, मालवणी येत होतं. मिसला मालवणी येत नव्हतं. त्या दोघी या भोकांवरच एकमेकींशी बोलल्या. ओळीतली दोन भोकं म्हणजे कापडाचा उभा धागा इथून न्यायचा. बारीक भोकांचा त्रिकोण म्हणजे टक्स, कपडा अंगाला बसावा म्हणून आत घ्यायची चूण. एकेरी खाच एकेरीला लावायची, दुहेरी दुहेरीला. आणि कडेला तीन मोठी भोकं असली, तर ती कड कापडाच्या घडीवर ठेवायची.

मी हे सगळं ऐकलं. शाळेत सगळं इंग्लिशमध्ये झाल्याने मावशींचं अर्धं बोलणं मला डोक्यात उलटवून घ्यावं लागायचं. त्या "पाऊण इंच" म्हणाल्या की मी पाव सोडायचे. पावणेदोन म्हणजे दोनच्या अलीकडे की पलीकडे, हे मी आजही बोटांवर बघते. पण त्या दिवशी चूक भाषेची नव्हती. मला वाटलं, इतकी मोठी भोकं म्हणजे इथेच कापायचं. मी तीन भोकांच्या कडेने सरळ कात्री चालवली. घडी उलगडून समोरचा अख्खा भाग निघायचा होता, त्याचे दोन अर्धे भाग माझ्या हातात आले.

मावशींनी ते बघितलं. मग पलंगावर बसून त्या एवढ्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "घडी कापलंस गो! अगो, घडी मोडायची असते. कापतात कशाला?"

घडी मोडणे म्हणजे काय, हे मला तेव्हा आईला विचारावं लागलं. नवीन साडी पहिल्यांदा नेसणं म्हणजे तिची घडी मोडणं. आणि आपली नवी साडी आधी बहिणीला किंवा लेकीला नेसायला देणं, तू मोड घडी म्हणणं, ही माया. मावशींकडे हा नियमच होता. गिऱ्हाइकाचा शिवलेला कपडा त्या कधी स्वतःच्या अंगाला लावून बघायच्या नाहीत. बायका म्हणायच्या, "कुंदाताई, माझ्याच अंगाच्या आहात तुम्ही, घालून बघा ना लांबी." त्या हात मागे घ्यायच्या. "घडी जिची तिने मोडायची."

माझ्या त्या दोन अर्ध्यांना मध्ये शिवण घालून त्यांनी मला तो टॉप पुरा करायला लावला. आणि 'घडी कापली' हे बिल्डिंगमध्ये कशालाही लागू व्हायला लागलं. चौथ्या मजल्यावरच्या दोन भावांनी मध्ये भिंत घातली, तेव्हा मावशी जिन्यात म्हणाल्या, "घडी कापली दोघांनी. आता शिवण दिसतली."

मी कागदांवर पेन्सिलने लिहायचं ठरवलं होतं. पाठ, पुढचा भाग, बाही. मावशींनी पेन्सिल काढून घेतली. मला वाटलं, त्या काहीतरी खोल सांगणार. त्या म्हणाल्या, "शिसं लागतं पांढऱ्या कापडाला. धुवून जात नाय." मग मी डोळ्यांनी आणि बोटांनी पाठ करत गेले. संध्याकाळी आम्ही फारसं बोलायचो नाही. मला ते बरं वाटायचं. त्या काजं करायच्या, मी कच्चे टाके घालायचे, आणि मधूनच त्या एक कागद माझ्यापुढे सरकवायच्या, "हो कोण?" म्हणजे हा कुठला. मी चाचपून सांगायचे. बरोबर असलं तर त्या काही म्हणायच्या नाहीत.

बाही मला बसत नव्हती. मुंढ्याला, म्हणजे खांद्याच्या गोल कापाला लावताना वर चुण्या पडायच्या. एकदा मी कंटाळून तसाच कुर्ता टाकून वर गेले. दुसऱ्या दिवशी बघते तर बाही गुळगुळीत बसलेली. मी निरखून पाहिलं. सगळी शिवण उसवून पुन्हा घातली होती.

"मावशी, हे तुम्ही केलंत?"

"मी कशाला? मशीननं केलं असेल."

खोक्याच्या तळाशी एक जुडी होती, तिला त्या मला हात लावू देत नव्हत्या. शेवटी मी नोकरीला लागले त्या वर्षीच्या डिसेंबरात त्यांनीच ती सोडली. कागदांत जाकीट होतं. कॉलर नसलेलं, कमरेपर्यंतचं.

"ह्यां माका मिसनं शिकवूक नाय," त्या म्हणाल्या. मालवणीतलं 'शिकवूक नाय' म्हणजे शिकवलेलं नाही, एवढं मला एव्हाना कळायला लागलं होतं. "म्हणाली, पुढच्या आठवड्यात घेऊ. पुढच्या आठवड्यात तिची मुलं आली, तिला न्यायला. जाताना खोका माझ्या हातात दिला."

कंपनीत असताना त्यांनी परदेशी बायकांसाठी कितीतरी जाकिटं शिवली होती. स्वतःसाठी एकही नाही. कपाटात वरच्या खणात सॅम्पलचं उरलेलं राखाडी-निळं लोकरीचं कापड होतं, डांबराच्या गोळ्या घालून जपलेलं. ते यासाठीच होतं.

"मुंबईत जाकीट घालून करणार काय मावशी?" मी विचारलं. "थंडी असते दोन दिवस."

"मग त्या दोन दिवशी घालीन."

आम्ही दोघींनी ते वाचायला घेतलं. सोपं नव्हतं. खाचा जुळत होत्या, पण एका लहान तुकड्याची जागा काही केल्या सापडत नव्हती. मावशी तो तुकडा खिडकीपाशी धरायच्या, भोकांतून उजेड त्यांच्या गालावर पडायचा. "सांग गो बाय," त्या कागदाला म्हणायच्या. "इतकी वर्षं गप बसलंस, आता तरी सांग."

त्याच सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या देसाईकाकूंच्या मुलीचा साखरपुडा होता. ब्लाउज मावशींकडे होता. मी गेले तेव्हा त्या दोन बाह्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एक उलटवायच्या, दुसरी उलटवायच्या.

"ही डावी," त्या म्हणाल्या. "ही पण डावी."

दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या कापल्या गेल्या होत्या. नवशिक्या बाया ही चूक करतात. मी हसून तसं म्हणणार होते, पण त्यांचा चेहरा बघून थांबले. कापड उरलं होतं, मी उजवी बाही कापून दिली. त्यांनी ती हातात घेतली आणि विचारलं, "आता ही कुठे लावायची?"

मग हे वाढत गेलं. काजं बटणांच्या बाजूला व्हायला लागली. दोऱ्यांच्या पुड्या एकमेकींत मिसळल्या. एकदा त्यांनी मला तीच गोष्ट एका संध्याकाळी तीनदा सांगितली आणि तिसऱ्यांदा सांगताना मध्येच थांबून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं. 

"राजूला सांगू नको," त्या म्हणाल्या. "तो मला घेऊन जाईल. चांगला आहे तो, सून पण चांगली आहे. पण मशीन बंद करतील. मी दिवसभर काय करू तिथे? लिफ्ट वरखाली बघू?"

मी सांगितलं नाही. मला फारसं कुणाला काही सांगायची सवय नव्हतीच. हेमिंगच्या नावाखाली मी गिऱ्हाइकांचे कपडे वर घेऊन यायचे, चुकलेलं उसवायचे, आईने घेतलेल्या लहान मशीनवर पुन्हा शिवायचे आणि सकाळी ऑफिसला जाताना त्यांच्या पलंगावर ठेवून जायचे. एका संध्याकाळी त्या एक कुर्ता उलटा करून बसल्या होत्या. मुंढ्याच्या शिवणीवरून बोट फिरवत होत्या.

"तू केलंस?"

"मी कशाला? मशीननं केलं असेल."

त्या हसल्या. मग हसू गेलं आणि त्या बराच वेळ शिवणीवरचं बोट काढेनात. "मग जाकीट लवकर घेऊ या," त्या म्हणाल्या. "माका आठवतंय तोवर."

त्यानंतर आम्ही रोज बसलो. माप घ्यायचं तेव्हा त्यांनी दोरा माझ्या हातात दिला आणि लहान मुलीसारखे हात बाजूला पसरून उभ्या राहिल्या. मी गाठी मारल्या. एकही आकडा बोलले नाही. त्या किती बारीक झाल्या होत्या ते मला तेव्हा दोऱ्यावर कळलं. कापायला घेणार, तेवढ्यात त्या म्हणायच्या, "थांब, तो लहान तुकडा आधी सापडू दे." तो सापडत नव्हता. काही संध्याकाळी त्यांना बाकीचे कागदही नवे वाटायचे. मी एकेकावर त्यांचं बोट ठेवायचे. "हो कोण?" आता मी विचारायचे. कधी त्या सांगायच्या. कधी म्हणायच्या, "कसर लागली गो ह्याला."

एका दुपारी त्या कात्री पिशवीत घालून गावठाणात गेल्या. मिसच्या घराच्या जागी आता जिम असलेली इमारत आहे. तिथल्या वॉचमनला त्या सांगत राहिल्या, की क्लासला उशीर झाला, मिस रागावेल, दार उघड. त्याने त्यांच्या पर्समधल्या फोनवरून राजूदादाला फोन लावला.

राजूदादा मला रागावला नाही. मी जिन्यात उभी होते. तो म्हणाला, "तुला माहीत होतं ना?" मी मान डोलावली. तो म्हणाला, "मलाही वाटत होतं. विचारायची हिंमत होत नव्हती." मावशींना कांजूरमार्गला नेलं, तेव्हा सामान हलवताना त्याने खोका आणि राखाडी-निळं कापड माझ्याकडे आणून दिलं. "आईने सांगितलंय. बाकी काय काय विसरते, हे मात्र चार वेळा सांगितलं."

जाकीट मी एकटीनेच शिवलं. तो लहान तुकडा शेवटपर्यंत अडला होता. एके दिवशी आधीचे सगळे तुकडे जोडून झाल्यावर मी तो नुसता अंदाजाने बगलेखाली धरला आणि खाचा जुळल्या. हात वर करताना कापड ओढू नये म्हणून घातलेला जोड होता तो. कपडा घातल्यावर दिसतही नाही. मला लगेच खाली जाऊन सांगावंसं वाटलं. तळमजल्याला कुलूप होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कांजूरमार्गला, राजूदादाच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी. मुंबईला थंडी पडली होती, तीच दोन दिवसांची. जाकीट नीट घडी घालून मी पिशवीत नेलं होतं. मशीन हॉलच्या कोपऱ्यात होतं. वर कव्हर होतं. सुई काढून ठेवली आहे, वहिनी मला हळूच म्हणाल्या, दोनदा बोटात घुसली.

मावशी खिडकीपाशी बसल्या होत्या. केस कापले होते. माझ्याकडे पाहून त्या ओळखीचं हसल्या, तसं त्या आता सगळ्यांकडेच पाहून हसायच्या.

"माप द्यायला इलंस?"

"नाही मावशी. हे दाखवायला आणलंय."

मी जाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते उलगडलं आणि लगेच उलटं केलं, आतली बाजू बाहेर. बोटं चालत राहिली. मुंढा, गळा, काजं. बगलेखालच्या तुकड्यापाशी आल्या, तो दोन बोटांत धरून चाचपला आणि पुढे गेल्या. मग पाठ वर येईल असं जाकीट पालथं घातलं आणि मानेपासून कमरेपर्यंत मधोमध अंगठा ओढला. तिथे शिवण नव्हती. त्यांनी पुन्हा एकदा ओढला.

"घडी कापूक नाय," त्या म्हणाल्या. आवाजात खुशी होती. "कोणी शिवलंय? चांगली शिकलेली दिसते."

राजूदादा म्हणाला, "आई, हिनेच शिवलंय. तुझ्यासाठी आहे. घालून बघ ना, तुझंच माप आहे."

मी जाकीट उचलून त्यांच्या खांद्यांवर ठेवायला गेले. त्यांनी हात मागे घेतले, दोन्ही, छातीशी. मी ओळखत होते ती हालचाल.

"नको गो. गिऱ्हाइकाचं आहे."

"मावशी, तुमचं आहे. तुम्हीच मोडायची याची घडी."

"असं करू नये," त्यांनी मला समजावलं. रागावल्या नाहीत. नवीन मुलीला सांगावं तसं सांगितलं. "एवढं निगुतीनं शिवलंय कुणासाठी तरी. ती वाट बघत असेल ना? घडी जिची तिने मोडायची."

त्यांनी जाकीट सुलट केलं. बाह्या मागे घेतल्या, पाठ मधोमध दुमडली, बरोबर त्या तीन भोकांच्या रेषेवर, आणि तळहाताने दाबून दाबून घडी घातली. माझ्यापेक्षा चांगली. मग ते पिशवीत घालून पिशवीचे बंद माझ्या हातात दिले.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. लिफ्ट यायला वेळ होता. "सांग तिला," त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा घालशील तेव्हा बटणं खालून वर लाव." मी हो म्हटलं. बोलता बोलता त्यांची नजर माझ्या बाहीवर गेली. तिथे जाकिटाचाच एक राखाडी-निळा धागा चिकटला होता. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला आणि तर्जनीभोवती गुंडाळायला लागल्या. लिफ्टचं दार बंद झालं तेव्हाही त्या उंबऱ्यात उभ्या होत्या, मान खाली घालून, दोरा गुंडाळत.